नाल्याला खाते नसते: सुधाकरराव नाईक आणि ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’

‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही ओळ विदर्भातल्या बहुतेक गावांत शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कधी ना कधी रंगवलेली असते, आणि रोज डोळ्यांसमोर असल्यामुळेच ती कोणी वाचत नाही. मीही शाळेत असताना ती शेकडो वेळा पाहिली असेल. परंतु तिच्यातली दोन क्रियापदे दोन निरनिराळ्या कामांची आहेत, आणि पहिले साधले म्हणून दुसरे आपोआप साधत नाही, हे कळायला वावरातली विहीर लागोपाठ दोन उन्हाळे कोरडी पडावी लागली. ही घोषणा ज्यांच्या नावाशी जोडली गेली ते सुधाकरराव नाईक आमच्याच यवतमाळ जिल्ह्यातले. त्यांनी नेमके काय केले आणि त्यामागचे पाण्याचे शास्त्र काय आहे, हे येथे शक्य तितक्या साध्या शब्दांत मांडायचे आहे.

पुसद तालुक्यातील गहुली हे नाईक घराण्याचे गाव. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणारे बंजारा समाजाचे तांडे कालांतराने जेथे स्थिरावले, त्यांतलाच हा एक. या गावात १ जुलै १९१३ रोजी जन्मलेले वसंतराव नाईक डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ अशी सलग अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, आणि त्यांचा जन्मदिवस आज राज्यात कृषिदिन म्हणून पाळला जातो. सुधाकरराव त्यांचे पुतणे. जन्म २१ ऑगस्ट १९३४. गहुलीचे सरपंचपद, यवतमाळ जिल्हा परिषद, विधिमंडळ, मंत्रिमंडळ अशा पायऱ्या चढत ते जून १९९१ मध्ये मुख्यमंत्री झाले. घराणेशाहीवर टीका करणाऱ्यांना येथे मुद्दा सापडेल आणि तो खोडून काढण्याची माझी इच्छा नाही. काका मुख्यमंत्री नसते तर पुतण्याची वाट इतकी सरळ राहिली असती, असे मला वाटत नाही. मात्र सरपंच म्हणून सुरुवात केलेल्या माणसाला गावचा नाला कोणत्या महिन्यात आटतो हे कागद न पाहता ठाऊक असते, आणि पुढच्या कामाचे मूळ तेथेच असावे.

काकांच्या कारकिर्दीतच १९७२ चा दुष्काळ पडला. आमच्याकडची म्हातारी माणसे अजूनही वयाचा हिशेब ‘दुष्काळाच्या आधीचा की नंतरचा’ असा लावतात. त्या वर्षी लाखो माणसे खडी फोडायला, रस्त्यांवर माती टाकायला, पाझर तलाव खोदायला गेली. रोजगार हमीची कल्पना त्या काळात रुजली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. या कामांचा पहिला हेतू हाताला काम आणि पोटाला अन्न देण्याचा होता, आणि तो योग्यच होता. पण त्यामुळे कामाची जागा ठरताना मजूर कोठे जमतील, रस्ता जवळ आहे का, जमीन कोणाची आहे, हे प्रश्न आधी आले, आणि पाणी कोठून कोठे वाहते हा प्रश्न शेवटी आला. एखाद्या गावात तलाव खालच्या अंगाला झाला आणि वरची टेकडी उघडीच राहिली. दुसऱ्या गावात धुऱ्यांची बांधबंदिस्ती झाली, पण नाल्याला कोणी हात लावला नाही.

याला आणखी एक कारण होते, आणि ते मातीत नसून मंत्रालयात होते. टेकडीवरची झाडे वनखात्याकडे किंवा सामाजिक वनीकरणाकडे, शेतातली बांधबंदिस्ती कृषी खात्याकडे, लहान तलाव पाटबंधाऱ्यांकडे किंवा जिल्हा परिषदेकडे, विहिरीतल्या पाण्याचा अभ्यास भूजल यंत्रणेकडे. प्रत्येकाचा आराखडा वेगळा, निधी वेगळा, मार्च अखेरची घाई मात्र सारखी. टेकडीवर पडलेला पावसाचा थेंब वनखात्याच्या हद्दीतून सुटून कृषी खात्याच्या शेतात येतो, तेथून पाटबंधाऱ्यांच्या नाल्यात उतरतो, पण त्याला खाते बदलल्याचे कळत नाही. तो फक्त उतार ओळखतो.

हा उतार ज्या क्षेत्रात एकाच ठिकाणी येऊन मिळतो, त्या क्षेत्राला पाणलोट क्षेत्र म्हणतात. घराच्या कवलारू छपराकडे पाहिले की ही संज्ञा समजते: छपराच्या एका अंगावर पडलेले सगळे पाणी त्याच बाजूच्या पन्हाळीत जमा होते, दुसऱ्या अंगाचे पाणी तेथे येत नाही, आणि दोहोंच्या मधला आढा ही सीमा असते. गावच्या नाल्याचेही असेच. टेकडीचा माथा हा आढा, नाला ही पन्हाळ, आणि त्या दोहोंमधली सगळी जमीन, मग ती वनाची असो, गायरान असो की कोणाच्या सातबाऱ्यावरची असो, एकच एकक. शिवारांच्या सीमा आणि पाणलोटाच्या सीमा क्वचितच जुळतात, आणि पाणलोट विकासाची अर्धी भांडणे येथूनच सुरू होतात.

एकात्मिक पाणलोट विकासाचा विचार सुधाकररावांनी शोधून काढला असे म्हणणे चुकीचे ठरेल. सर्वंकष पाणलोट क्षेत्र विकासाचा कार्यक्रम राज्यात १९८३ पासून होता, आणि राळेगणसिद्धीसारख्या गावांनी तो त्याआधीच करून दाखवला होता. त्यांचे श्रेय वेगळे आहे आणि माझ्या मते ते अधिक अवघड कामाचे आहे: १९९२ मध्ये त्यांच्या सरकारने पाणलोटाशी निगडित अशी विखुरलेली कामे एका छत्राखाली आणण्यासाठी स्वतंत्र जलसंधारण विभाग निर्माण केला. त्याच वर्षी आदर्श गाव योजनाही सुरू झाली. खात्याची फेररचना ही वर्तमानपत्राच्या पहिल्या पानाची बातमी नसते, आणि तिच्यावर कोनशिला बसवता येत नाही. शिवाय प्रत्येक खाते आपला निधी आणि माणसे सोडायला नाखूश असते. तरीही ते झाले, आणि घोषणा भिंतींवर गेली ती या विभागाच्या हातून.

मुख्यमंत्रिपद त्यांना पावणेदोन वर्षेच लाभले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधल्या मुंबईच्या दंगलींनंतर त्यांना ते सोडावे लागले, आणि त्या काळातील सरकारच्या कामगिरीवर झालेली टीका त्यांच्या नावाशी कायमची चिकटली. पुढे ते हिमाचल प्रदेशाचे राज्यपाल झाले, वाशीममधून लोकसभेत गेले, आणि १० मे २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

आता मूळ प्रश्नाकडे. पाण्याचा हिशेब एकदा आकड्यांत मांडला की बरेच गैरसमज गळून पडतात, आणि त्यासाठी चौथीच्या गणितापेक्षा जास्त काही लागत नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. आपले गाव ५०० हेक्टरांचे आणि वस्ती १,००० माणसांची आहे असे धरू, आणि वर्षाचा पाऊस ९०० मिलिमीटर धरू, जो आमच्या भागाला अवास्तव नाही. तर गावाच्या शिवारावर वर्षभरात ४५० कोटी लिटर पाणी पडते. दरडोई दररोज ५५ लिटर या हिशेबाने गावाला वर्षभर घरगुती वापरासाठी लागते सुमारे २ कोटी लिटर. म्हणजे पडणाऱ्या पाण्याचा अर्धा टक्काही नाही. आणि तरीही एप्रिलमध्ये टँकर येतो.

याचे पहिले कारण पावसाच्या चालीत आहे. आमचा बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि त्यातलाही मोठा वाटा मोजक्या मुसळधार दिवसांत. जमिनीला पाणी पिण्याची एक गती असते; त्या गतीपेक्षा जोरात पाऊस आला की उरलेले पाणी वाहू लागते, आणि वाहताना माती घेऊन जाते. दुसरे कारण खडकात आहे. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या बेसाल्टचा आहे, आणि यवतमाळ जिल्ह्याचा मोठा भाग त्यात येतो. हा खडक वाळूसारखा सच्छिद्र नाही. वर माती, तिच्याखाली काही हात मुरूम, आणि त्याखाली काळा फत्तर; पाणी साठते ते मुरमात आणि फत्तराच्या भेगांत. आमच्या विहिरीचे खोदकाम केलेल्या जुन्या कारागिराने एकदा कठड्यावर बसून मला सांगितले होते, “भाऊ, पाणी फत्तरात नसते, फत्तराच्या फटीत असते. फट लागली तर नशीब, नाही तर नुसताच खड्डा.” भूजलशास्त्राचा एक अख्खा धडा त्या दोन वाक्यांत बसतो. अशा खडकात पावसाचा साधारण दहावा हिस्सा नैसर्गिकरीत्या खाली पोचतो, कोठे थोडा कमी, कोठे थोडा जास्त.

म्हणून ‘अडवा’. परंतु कोठून अडवायचे? याचे उत्तर ‘माथा ते पायथा’ या शब्दांत दिले जाते, आणि त्याचे कारण सोपे आहे: टेकडीच्या माथ्यावर पाणी हळू असते आणि थोडे असते, पायथ्याशी ते वेगवान आणि पुष्कळ असते. चालत्या माणसाला हात धरून थांबवता येते. धावत सुटलेल्या बैलजोडीला थांबवायला दहा माणसे लागतात.

माथ्यावरचे काम म्हणजे सलग समतल चर. हे काम जवळून पाहण्यासारखे असते. दोन माणसे एक पारदर्शक नळी घेतात, तिच्यात पाणी भरतात, आणि दोन्ही टोके दोन मोजपट्टीच्या काठ्यांना बांधतात. नळीतल्या पाण्याची पातळी दोन्ही काठ्यांवर सारखी येईपर्यंत पुढचा माणूस टेकडीवर वर-खाली सरकतो. सारखी आली की तेथे फक्कीची खूण. अशा खुणा जोडत गेल्या की टेकडीच्या अंगावर एक नागमोडी पांढरी रेघ उमटते, जिच्यावरचा प्रत्येक बिंदू एकाच उंचीवर असतो. त्या रेघेवर साधारण ६० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल चर खणतात आणि निघालेली माती खालच्या अंगाला रचतात, म्हणजे पाणी भरून ओसंडले तरी बांध त्याला धरून ठेवतो. एक मीटर लांबीच्या चरात १८० लिटर पाणी मावते, आणि तो एका पावसाळ्यात अनेकदा भरतो आणि रिकामा होतो. रेघ जराशी चुकली, एका टोकाला चार बोटे उतार राहिला, तर तोच चर पाटासारखा वाहू लागतो आणि फायद्याऐवजी घळ पडते. बांधावर हॅमाटा गवताचे बी टाकतात, सीताफळ लावतात. पहिली दोन वर्षे गुरे आवरली तर गवत धरते. नाही आवरली तर तिसऱ्या वर्षी चराची नुसती वळी उरते.

त्याखाली शेतांत बांधबंदिस्ती, घळींत अनगड दगडांचे छोटे बांध, नाल्यावर मातीचे आणि सिमेंटचे बांध, आणि अगदी खाली पाझर तलाव, असा क्रम असतो. प्रत्यक्षात बहुतेक गावांत तो उलटा झाला. सिमेंटचा बंधारा रस्त्यावरून दिसतो, त्याचे उद्घाटन करता येते, त्याचे देयक ठसठशीत निघते. टेकडीवरचा चर दिसायला वर जावे लागते आणि मे महिन्यात वर जायला कोणी तयार नसते. आमच्या शिवारातल्या एका बंधाऱ्यामागे वरची टेकडी उघडी असल्यामुळे तीन पावसाळ्यांत गाळाचे इतके थर बसले की आता तेथे गावकरी गुरे उभी करतात. अडवले ते पाणी नव्हते, माती होती.

‘जिरवा’ हे दुसरे क्रियापद याहून अवघड, कारण जिरलेले पाणी कोणालाच दिसत नाही. बंधाऱ्यात ऑक्टोबरात साठलेले पाणी पाहून काम यशस्वी झाले असे आपण समजतो. खरे तर भूजलाच्या दृष्टीने तुंबून राहिलेला पाझर तलाव नापास झालेला असू शकतो. तो हळूहळू रिकामा होऊन खालच्या विहिरींचे झरे वाढले, तरच तो पाझर तलाव. तळाशी चिकण गाळ बसला किंवा खाली भेग नसलेला फत्तर असला, तर पाणी साठते, चमकते आणि उन्हाने उडून जाते. त्यामुळे जागा ठरवताना नकाशाइतकेच महत्त्व आसपासच्या विहिरींच्या थरांना असते.

आणि जिरले तरी किती जिरते, हा हिशेब पाहण्याजोगा आहे. आमच्या खडकात पाणी धरण्याजोगी मोकळी जागा साधारण दोन टक्के धरू. म्हणजे एक हेक्टर जमिनीखालची पाणीपातळी एक मीटरने वर आली, तर २ लाख लिटर पाणी वाढले. शंभर हेक्टरांखाली एक मीटर वाढ म्हणजे २ कोटी लिटर. हाच आकडा वर एकदा आला आहे: हजार माणसांचे वर्षभराचे पाणी. आता गहू घ्या. रब्बीत गव्हाला सुमारे ४०० मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे हेक्टरी ४० लाख लिटर; तेव्हा तेच २ कोटी लिटर पाच हेक्टर गहू पिऊन टाकतो. पुसद-उमरखेड पट्ट्यात ऊसही आहे. उसाला वर्षभरात साधारण २,००० मिलिमीटर पाणी लागते. त्यातले निम्मे पावसाने दिले असे उदार मनाने धरले, तरी दोन हेक्टर उसात ते सगळे संपते. शंभर हेक्टरांवर गावाने घाम गाळून जमिनीत मुरवलेले पाणी दोन हेक्टरांवरची एक मोटार दिवाळीनंतर उपसून काढू शकते, आणि कायद्याने पाहिले तर बहुतेक वेळा तिला कोणी अडवत नाही. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर १९९३ च्या कायद्याने निर्बंध आणले. पण ज्या गावात मोटारवाला आणि सरपंच एकाच भावकीतले असतात, तेथे हे अंतर कोण मोजणार?

घोषणेत हे तिसरे क्रियापद नव्हते, ही तिची मोठी उणीव मला वाटते. अडवा आणि जिरवा यांत कोणाचे नुकसान नाही, म्हणून सगळे टाळ्या वाजवतात. ‘बेताने उपसा’ म्हटले की सभेत शांतता पसरते.

विदर्भ एकसारखा नाही, हेही येथे सांगायला हवे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तेथे खालचे पाणीच खारे असल्यामुळे गोडे पाणी जमिनीत मुरवण्यापेक्षा शेततळ्यात धरून ठेवणे शहाणपणाचे. पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले सहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या (सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या) काळातले तलाव, ज्यांतल्या अनेकांमागे कोहळी समाजाचे कसब आहे. मालगुजारी गेल्यावर ते ‘माजी मालगुजारी’ म्हणजे मामा तलाव झाले आणि गाळाने भरत गेले. तेथे नवा बंधारा बांधण्यापेक्षा जुना गाळ काढणे आणि पाटाची वाट मोकळी करणे हेच जलसंधारण.

विभागाचे पुढे काय झाले, तर नावे आणि योजना बदलत गेल्या. २०१४ च्या अखेरीस जलयुक्त शिवार अभियान आले आणि २०१७ मध्ये मृद व जलसंधारण या नव्या नावाचा विभाग झाला. जलयुक्तच्या काळात अनेक गावांत पोकलेन लावून नाल्यांचे खोलीकरण झाले. मुरमापर्यंत खणले तेथे विहिरींना पाणी वाढले, पण मुरूम उकरून फत्तरापर्यंत गेले तेथे पाणी धरणारा थरच उघडा पडला आणि शेजारच्या विहिरींचे पाणी नाल्यात झिरपून वाहून गेले. यंत्राला हा फरक कळत नाही. ते चालवणाऱ्याला तासावर पैसे मिळतात.

देखभालीचा प्रश्न याहून रटाळ आणि म्हणूनच अधिक दुर्लक्षित. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या लोखंडी पाट्या पावसाळा सरताना, नाल्याला धार असतानाच बसवाव्या लागतात आणि मृगाच्या आधी काढाव्या लागतात. आठ दिवस उशीर झाला तर धार आटते, आणि वेळेत काढल्या नाहीत तर पहिला पूर काठ फोडतो. पाट्या गंजतात, रबर कुजते, काही पाट्या भंगारात जातात. बंधारा बांधायला लाखो रुपये मंजूर होतात. पाट्या बसवणाऱ्या चार मजुरांची दोन दिवसांची मजुरी कोणी द्यायची, यावर आमच्याकडे एका वर्षी तीन ग्रामसभा झाल्या. तोवर नाला आटून गेला होता.

सुधाकररावांचा स्मृतिदिन, १० मे, राज्यात जलसंधारण दिन म्हणून पाळला जातो. तारीख त्यांच्या निधनाने ठरली. पण विहिरीचा खरा हिशेब लागतो तोही याच सुमारास. भूजल यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, त्यांतले एक मोजमाप मे महिन्यातले असते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पातळीशी ते ताडून पाहिले की पावसाळ्यानंतर पाणी किती खाली गेले ते दिसते. हे मोजायला यंत्र लागत नाही. मी गेली काही वर्षे १० मे रोजी आमच्या विहिरीत दोर सोडतो. दोराला हातहातावर गाठी आहेत आणि टोकाला पितळी गडवा बांधला आहे. गडवा पाण्याला टेकला की वेगळा आवाज येतो. यंदा तो तेविसाव्या गाठीला आला. टेकडीवर चर खणले त्याच्या आदल्या वर्षी सत्ताविसाव्या गाठीलाही नुसता दगडावर खणखणला होता. मधल्या चार गाठींतल्या किती चरांच्या आणि किती चांगल्या पावसाच्या, हे सांगायला अजून काही उन्हाळे मोजावे लागतील. शेजारच्या वावरात यंदा नवी मोटार बसली आहे.